मुळाबरहुकूम मोर

ज्या इसमाने उमेदीची ३४ वर्षे सरकारी कचेऱ्यांच्या नक्कलखान्यांत घालवली, खातेउतारे, वाटणीपत्रे, पंचनामे आणि निकाल यांच्या सहस्रावधी नकला उतरवल्या, आणि ज्याच्या नकलेत काना किंवा मात्रा इकडची तिकडे झाल्याची तक्रार एकाही वकिलाला कधी करता आली नाही, त्या इसमास सेवानिवृत्तीनंतर दीड हात लांबीच्या एका पाटावर दोन मोर उतरवणे साधू नये, हा दैवाचा विनोद म्हणावा की सरकारी शिक्षणातील उणीव, याचा निर्णय मला बरेच दिवस करता आला नाही. सौभाग्यवतीने तो पहिल्याच दिवशी केला होता. तिच्या मते दोष दैवाचा नव्हता आणि सरकारचाही नव्हता.

आमची कचेरी मध्य प्रदेश सरकारची, भाषा हिंदी, तेव्हा नकलेच्या तळाशी ‘सत्य प्रतिलिपि’ असा शिक्का उमटे. परंतु आमचे आजोबा धार संस्थानच्या दप्तरात कारकून होते आणि त्यांच्या तोंडचा ‘मुळाबरहुकूम’ हा शब्द माझ्या कानांत लहानपणापासून इतका मुरला होता की शिक्का मारताना मनातल्या मनात मी तोच उच्चारीत असे. नक्कलनवीसाचा धर्म त्या एका शब्दात सामावला आहे. मुळात शब्द अशुद्ध असला तर नकलेतही तो अशुद्धच उतरला पाहिजे. मुळात शाईचा डाग पडून नाव वाचेनासे झाले असेल तर तेथे डाग आहे अशी नोंद झाली पाहिजे. नक्कलनवीसाने आपली अक्कल चालवून मजकूर सुधारला की तो नक्कलनवीस राहत नाही, तो ग्रंथकार होतो, आणि ग्रंथकारास पेन्शन नसते.

निवृत्तीनंतर मी डहीलाच राहिलो. धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कुक्षीच्या पुढे, विंध्याचे डोंगर नर्मदेकडे उतरू लागतात त्या अंगाला हे गाव आहे. पुण्याकडील आप्तेष्टांची समजूत अशी की मी पत्ता लिहिताना ‘द’ चुकून ‘ड’ लिहितो, त्यामुळे त्यांची पत्रे ‘मु. पो. दही’ अशा शीतल नावाने येतात आणि पोस्टमन ती मोठ्या सौजन्याने मला आणून देतो. पवारांच्या फौजेमागून आमचे पूर्वज माळव्यात आले, असे घरात सांगतात. तलवार चालवणारे पुढे होते आणि हिशेब ठेवणारे मागे, आम्ही मागचे. माझी शेवटची बदली या निमाडी मुलखात झाली, मक्याची, कापसाची शेते आणि ताडाची झाडे पाहण्याची डोळ्यांना सवय झाली, भगोरियाच्या दिवसांत ढोल आणि बासरी ऐकल्याखेरीज होळी आली असे वाटेनासे झाले, आणि धारला परतण्याचा विचार जो एकदा तहकूब झाला तो तहकूबच राहिला. धारला परतण्यासारखे काही उरलेही नव्हते, कारण वाटणी झाली होती.

त्या वाटणीतच प्रस्तुत प्रकरणाचे मूळ आहे. आमच्या घरात एक पाट होता. आजोबा एकदा कोकणात गेले असता सावंतवाडीहून त्यांनी तो आणला, असे वडील सांगत. सावंतवाडीचे चितारी पूर्वापार लाकडावर आणि गंजिफांवर रंगकाम करीत आलेले. दशावतारी गंजिफेचा एक डाव म्हणजे १२० पाने, आणि त्या हाताएवढ्याही नसलेल्या पानांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंत साऱ्यांना बसवणारा हात पाटावर आला म्हणजे तेथे त्याला पटांगण मिळाल्यासारखे होत असावे. चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी यांचा अस्तर-लेप, त्यावर रंग, रंगावर लाखेचे रोगण. आमच्या पाटाची भूमी तांबडी होती. चारी कडांना कोयऱ्यांची वेल, मध्ये अष्टदल कमळ, कमळाच्या डोक्यावर स्वस्तिक, आणि दोहों बाजूंना समोरासमोर दोन मोर. चिताऱ्याने ते मोर साच्याविना, नुसत्या कुंचल्याने काढलेले असल्याने डावा मोर उजव्याहून किंचित स्थूल होता. आमच्या घराण्यातील प्रत्येक मुलगी या पाटावर गौरीहर पूजून बोहल्यावर चढली. वाटणीत शेत कोणाचे, विहीर कोणाची, माडीचा जिना कोणाच्या हद्दीत, याचा खल तीन महिने झाला. पाट कोणाचा, हे कोणी विचारलेच नाही. तो स्वयंपाकघरात होता, आणि स्वयंपाकघर थोरल्या वहिनींकडे गेले.

गेल्या वर्षी धाकट्या मुलीचे लग्न धारला करण्याचे ठरले तेव्हा मी सहज बोलून गेलो की पाट एक दिवसापुरता वहिनींकडून मागून घेऊ. सौभाग्यवतीने हातातील सूप खाली ठेवले. “मागून आणलेल्या पाटावर माझी लेक बसायची नाही,” ती म्हणाली, “अहो, जन्मभर लोकांच्या नकला केल्यात ना? मग घरची एक करा.”

या वाक्यातील उपरोध माझ्या ध्यानी आला नाही. मला ते आव्हान वाटले, इतकेच नव्हे तर प्रशस्तिपत्रही वाटले, आणि मी दुसऱ्या दिवशी कुक्षीला गाडी बदलून धारला गेलो.

वहिनींनी पाट काढून दिला, पुसून दिला, आणि मी त्यावर ट्रेसिंगचा कागद अंथरू लागलो तेव्हा “भावजी, हे कशाला?” एवढेच विचारले. मी म्हणालो, आठवण म्हणून. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की निवृत्तीनंतर माणसाला काय काय होऊ शकते याचा त्या अंदाज घेत असाव्यात. दुपारभर पालथा पडून मी एकेक रेघ पेन्सिलीने उतरवून घेतली. पारदर्शक कागदाखाली मूळ ठेवून त्यावरून रेघ फिरवणे ही कृती जितकी निर्बुद्ध समजली जाते तितकी ती नाही. मोराच्या एका पिसाऱ्यात ४१ डोळे होते, हे मी आजवर त्या पाटावर बसून शेकडो वेळा जेवलो असूनही मला ठाऊक नव्हते. धर्माप्रमाणे मी सर्व उतरवले: स्थूल मोर स्थूल, कृश मोर कृश, आणि स्थूल मोराच्या खांद्यावर एक लहानशी चंद्रकोर होती तीही उतरवली. कृश मोरास चंद्रकोर नव्हती. का नव्हती हा प्रश्न विचारणे नक्कलनवीसाच्या अधिकारकक्षेबाहेरचे होते.

डहीला परतून मी मिस्त्रीकडून सागाचा पाट करवून घेतला. त्याने रंधा मारून, खालून आडव्या पट्ट्या ठोकून, पॉलिश-कागदाने घासून, अस्तर देऊन, वर तांबड्या तेलरंगाचे दोन हात मारले आणि जाताना बजावले, “बाबूसाब, आठ दिन इसको हाथ नी लगाना.” मी चौथ्या दिवशी लावला. तेलरंगाचा स्वभाव असा की वरची साय धरली म्हणजे तो वाळल्याचे सोंग करतो, पण पोटातून ओला असतो, जसा एखादा दावेदार तडजोडीच्या कागदावर सही करतो आणि मनातून अपिलाची तारीख मोजीत असतो. पाटाच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा असा स्वच्छ ठसा उमटला की तो निबंधकासमोर सहज ग्राह्य झाला असता. मिस्त्री पुन्हा आला, काही बोलला नाही, पुन्हा घासून पुन्हा रंग दिला. आणि या वेळी पाट माळ्यावर ठेवून शिडी घेऊन गेला.

आठ दिवसांनी शिडी परत आली तेव्हा मी माझे पहिले शस्त्र काढले. ते म्हणजे कार्बन कागद. ज्या कागदाने मला ३४ वर्षे अन्न घातले त्याच्यावर माझी श्रद्धा असणे स्वाभाविक होते. पाटावर कार्बन, कार्बनवर नक्षीचा कागद, नक्षीवर टोकदार पेन्सिल, या क्रमाने मी अख्खी दुपार बसलो आणि सायंकाळी समारंभपूर्वक कागद उचलला. मोर दिसेनात. निळा कार्बन तांबड्या रंगावर उमटतो, पण उमटून तेथेच विरतो. पाट तिरपा धरून, एक डोळा मिटून, दिव्याच्या दिशेने पाहिले तर मोराच्या मानेचा भास होई, आणि तो मोराच्याच मानेचा आहे हे आधीपासून ठाऊक असणाऱ्यासच होई. जेथे रेघ नको होती तेथे मात्र कार्बन ठळक दिसत होता, कारण लिहिताना मी तळहाताची कड कागदावर टेकवली होती, आणि तिच्या दाबाने कमळाच्या पाकळ्यांवर एक धुरकट ढग जमला होता. तो पुसावयास गेलो तर पसरला. कार्बनमध्ये मेण आणि तेल असते, तेलरंग त्याला सग्यासोयऱ्यासारखा जवळ घेतो. साबणाच्या पाण्याने अर्धा तास चोळल्यावर मी ते प्रकरण दप्तरदाखल केले.

दुसऱ्या प्रयत्नात मी अधिक शास्त्रशुद्ध झालो. तांबड्यावर पांढरे दिसते, हे तत्त्व एकदा हाती लागल्यावर मी शिंप्याकडून पांढरा खडू आणला, त्याला टोक काढले, नक्षीच्या कागदावरील प्रत्येक रेघ त्या खडूने पुन्हा गिरवली, कागद उपडा करून पाटावर दाबला आणि पाठीमागून चमच्याने घासला. या वेळी सर्व काही उमटले. मोर, कमळ, वेल, चंद्रकोर, एकही कलम गहाळ नव्हते. मी सौभाग्यवतीस हाक मारली. ती पदराला हात पुशीत आली, उभ्या उभ्या दोन क्षण पाहिले आणि म्हणाली, “लठ्ठ मोर उजवीकडे कसा गेला?”

मी तिला समजावू लागलो की मोर दोन आहेत, समोरासमोर आहेत, तेव्हा डावे-उजवे हा पाहणाऱ्याच्या बैठकीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, “आणि स्वस्तिक?” तेव्हा मी पाहिले. स्वस्तिकाचे चारी बाहू विरुद्ध दिशेला वळले होते. कागद उपडा केला की चित्र आरशातल्यासारखे उलटते, हे पाचवीतल्या मुलासही कळते; पण दोन मोर एकमेकांची प्रतिबिंबे असल्याने त्यांनी संगनमत करून ते माझ्यापासून दडवले होते, आणि स्वस्तिकाने माफीचा साक्षीदार होऊन सारा कट उघड केला. ज्या पाटावर बसून मुलगी गौरीहर पूजणार, त्यावर उलटे स्वस्तिक! खडू निदान ओल्या फडक्याने निघाला. चमचा अजून तांबडा आहे.

अशा वेळी माणूस थोरांच्या अपयशात समाधान शोधतो, आणि नकलेच्या क्षेत्रात थोरांच्या अपयशाचा तुटवडा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास १८४४ मध्ये नेमले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून प्रचंड चित्रे तयार केली, ती विलायतेस गेली, आणि १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आग लागून त्यांतील बहुतेक भस्म झाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन गेले, १८७२ पासून १८८५ पर्यंत हे काम चालले, आणि १८८५ मध्येच दक्षिण केन्सिंग्टनला आग लागून त्यांतील पुष्कळशी जळाली. मूळ चित्रे ओलसर अंधारात दीड-दोन हजार वर्षे टिकतात आणि नकला राजधानीत सुरक्षित ठेवल्या की जळतात, यावर कोणा तत्त्वज्ञाने अद्याप भाष्य केले नाही. आमच्या शेजारच्या वाघ लेण्यांची गोष्ट नेमकी उलटी. ती लेणी त्या काळी ग्वाल्हेर संस्थानात मोडत. संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार प्रभृती चित्रकार तेथे नकला करण्यास आले, आणि १९२७ मध्ये त्या लेण्यांवर जो मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला त्यात मार्शल, फोगल, हॅवेल अशा नावांच्या पंक्तीला गर्द्यांचेही पान मांडलेले आहे. पुढे मूळ चित्रांचे इतके पोपडे सुटू लागले की ती भिंतीवरून अलगद सोडवून काढावी लागली, आणि आज तेथल्या रंगमहाल नावाच्या लेण्यात काय होते हे पाहावयाचे तर पुष्कळदा नकलेकडेच वळावे लागते. गर्दे हे नाव मला फार जवळचे वाटते. पंक्तीला बसलेला पण हात न धुतलेला एक तरी मराठी माणूस अशा प्रत्येक ठिकाणी असतो.

वाघ म्हटले की लेणी, पण मी तेथे गेलो तो ठशांसाठी. वाघला जे हातछपाईचे कापड होते, लाल आणि काळ्या रंगाचे, पांढऱ्या भूमीवर, त्याचे ठसे सागाचे असतात, आणि साग व नक्षी यांचे जमते कसे हे तेथे कोणास तरी ठाऊक असलेच पाहिजे, असा माझा तर्क. एका छिप्याच्या, म्हणजे छपाई कारागिराच्या, अंगणात मी तासभर उभा राहिलो. ठसा रंगात बुडवावयाचा, कापडावर ठेवावयाचा, वरून मुठीचा एकच ठोसा, की उचलला, पुढे. इतक्या सहजपणे तो चालला होता की माझ्या दोन आठवड्यांच्या धडपडीची मला तेथे उभ्या उभ्या शरम वाटली. त्याने एक जुना ठसा माझ्या हाती दिला. हा कोरतात कसा, असे मी विचारले, तेव्हा कळले की ठोकळ्याचा माथा घासून आरशासारखा करतात, त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देतात, नक्षी त्या पांढऱ्यावर उतरवतात, आणि नंतर नक्षी सोडून बाकीचे लाकूड टोकरून काढतात. म्हणजे रंगवलेल्या लाकडावर नक्षी उतरवणे हे या मंडळींच्या पोटापाण्याचे काम होते! पण माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला तो वेगळ्याच गोष्टीने. एका फुलाला त्याच्याजवळ एक ठसा नव्हता, तीन होते. बाह्यरेषेचा तो ‘रेख’, आत भरावयाचा तो ‘दत्ता’, आणि मागची भूमी रंगवणारा ‘गद’. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीकसे टिंब होते, आणि दुसरा ठसा ठेवताना छिप्याची नजर फुलाकडे जातच नव्हती, टिंबाकडे जात होती. “सब एक साथ नी आता, बाबूजी,” तो म्हणाला.

माझे आतापर्यंत झालेच ते असे. मी सर्व तपशील, म्हणजे पिसाऱ्याचे ४१ डोळे, मानेवरील खवले, चोचीतील माळ, पायांच्या नख्या, एकाच वेळी उतरवीत होतो. समजा ते सुलट उतरलेही असते, तरी मोराच्या अंगात निळा रंग भरताच ते सारे त्या निळ्याखाली गाडले गेले असते आणि मी पुन्हा होतो तेथेच आलो असतो. ढोबळ बाह्यरेषा आधी, मग रंग, रंग वाळल्यावर त्याच जागी पुन्हा कागद ठेवून तपशील. पुष्कळ सरकारी आदेश असेच लिहितात: आधी हुकूम, खाली ‘तपशील येणेप्रमाणे’. हे मला कचेरीत इतकी वर्षे दिसत होते. ते समजण्यास वाघला जावे लागले.

हे ज्ञान घेऊन मी सायंकाळी घरी आलो तेव्हा शिवणयंत्राचा आवाज येत होता. सौभाग्यवती माझ्या ट्रेसिंग कागदाला शिवीत होती. मी ओरडणारच होतो, इतक्यात दिसले की सुईत दोरा नाही. बिनदोऱ्याची सुई मोराच्या पाठीवरून, मानेवरून, तुऱ्यावरून टक्‌टक्‌ करीत चालली होती आणि मागे बारीक भोकांची रांग सोडीत होती. लहान वळणांवर तिने उदबत्ती वापरली होती. कागदाला जळका सुगंध येत होता. यात नवल काही नव्हते. नवल हे होते की मी ते दर दिवाळीत पाहत आलो होतो. वर्तमानपत्राच्या घडीला उदबत्तीने ओळीने भोके पाडावयाची, तो कागद अंगणात अंथरून वरून रांगोळी फिरवावयाची, कागद उचलला की खाली ठिपके तयार; पंधरा ठिपके पंधरा ओळी घालताना आमच्या घरातील कोणत्याही बाईने कधी मोजदाद केल्याचे मला आठवत नाही. माझ्या आईचा तसा एक कागद होता, मेणकापडाच्या घडीत जपलेला, आणि त्याला हात लावल्याबद्दल मी मार खाल्ला आहे.

“अगं, याला खाका म्हणतात,” मी म्हणालो, कारण काहीतरी म्हणणे भाग होते. फारसीत खाक म्हणजे धूळ, आणि टोचलेल्या कागदावरून धूळ झटकून जे चित्र उमटते तो खाका. कचेरीत आम्ही अनेक योजनांचे खाके फायलींत घातले. त्यांवर धूळ असते हे ठाऊक होते, ती त्यांच्या व्युत्पत्तीतच आहे हे ठाऊक नव्हते. मोगलांच्या चित्रशाळेत हीच युक्ती, इटलीच्या राफाएलने भिंतीवर चित्र चढवण्याआधी हीच, जरदोजीच्या कारागिरांकडे आजही हीच, आणि चीनच्या वाळवंटाकाठी तुनहुआंगच्या लेण्यांत टोचलेल्या बुद्धाचे हजारेक वर्षांपूर्वीचे कागद सापडले तेही याच जातीचे. हे सर्व मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले की राफाएलला पुरचुंडी कशाची लागे, कारण तिला मलमलीचा जुना तुकडा सापडत नव्हता.

सदऱ्याच्या अस्तराचा तुकडा कापून त्यात वस्त्रगाळ रांगोळी बांधली. कागदाच्या दोन कडा पाटाच्या कडांवरून खाली दुमडल्या, म्हणजे तो पुन्हा ठेवताना त्याच जागी बसेल. चार कोपऱ्यांत माझ्या आग्रहाखातर छिप्याची चार टिंबेही पाडली. डावीकडचा लठ्ठ मोर डावीकडे आहे याची रुजवात तिने स्वतः घेतली. त्या वेळी वीज गेलेली होती, कंदिलाच्या उजेडात ती पुरचुंडी अलगद आपटीत गेली, आणि कागद उचलला तेव्हा तांबड्या भूमीवर पांढऱ्या कणांचे दोन मोर असे उभे राहिले होते की आम्ही दोघेही काही क्षण श्वास रोखून पाहत राहिलो. श्वास रोखणे योग्यच होते. रांगोळी पाटाला चिकटलेली नसते. ठिपके आहेत तोवर कुंचल्याने जोडून घ्यावयाचे असतात. मी कुंचला शोधण्यास उठलो, आणि त्याच वेळी वीज आली. छताचा पंखा, जो बंद करण्याचे कोणास सुचले नव्हते, चालू झाला. प्रथम तुरे गेले, मग पिसारे, मग कमळ एका बाजूने उलगडत निघून गेले, आणि दोन्ही मोर माझ्या चष्म्यावर येऊन बसले.

हिंदीत थट्टा करण्यास ‘खाका उडाना’ म्हणतात. मी तो वाक्प्रचार शेकडो वेळा ऐकला होता. डोळ्यांदेखत उडताना प्रथमच पाहिला.

पण खाक्याचा मोठेपणा असा की तो कितीही वेळा झाडावा, मोर तोच येतो. पंख्याचे बटण बंद करून, दार लोटून, नाकाला फडके बांधून आम्ही तो दुसऱ्यांदा झाडला. मी शून्य नंबरच्या कुंचल्याने बाह्यरेषा पक्की केली, निळा भरला, हिरवा भरला, आणि या वेळी आठ म्हणजे आठ दिवस वाट पाहिली. मग कागद पुन्हा त्याच कडांवर दुमडून, टिंबावर टिंब ठेवून, तपशिलाची रांगोळी झाडली. निळ्या अंगावर खवले उमटले, पिसाऱ्यात ४१ डोळे उघडले. मोराचा स्वतःचा डोळा मात्र पहिल्या खेपेस चोचीवर पडला. टिंब एका सुताने सरकले होते. एका सुताची चूक शेताच्या बांधावर खपते, मोराच्या चेहऱ्यावर खपत नाही. तो पुसून, कागद सुतभर सरकवून, पुन्हा झाडला, आणि डोळ्याच्या जागी डोळा आला. कागदातून उतरलेल्या चिमूटभर धुळीने तो मोर आमच्याकडे पाहू लागला तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “बरा उतरलाय.” तिच्या कोशात याहून मोठे विशेषण नाही. खांद्यावरील चंद्रकोर मी अस्सल सोनेरी रंगाने भरली, कारण ती कशाची असावी याविषयी मला काही सांगता येत नसले तरी ती काही विशेष असली पाहिजे, इतके उघड होते.

धारला, लग्नाच्या आदल्या दिवशी, रुखवताच्या शेजारी तो पाट मांडला. मंडळी येत, पाहत, वाहवा करीत, आणि चंद्रकोरीपाशी थांबत. माझ्या एका चुलतभावाने ती शैव खूण असल्याचे सांगितले. इंदूरच्या व्याह्यांनी तिचा संबंध चंद्रवंशाशी जोडला. मी दोघांनाही मान डोलावली. मग थोरल्या वहिनी आल्या, त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पाटावर वाकल्या, एकेक पीस मोजल्यासारखे पाहिले, आणि चंद्रकोरीवर बोट ठेवून मला जवळ बोलावले.

“भावजी, हे काय काढलंत?”

मी म्हणालो, मुळाबरहुकूम आहे.

“अहो, तो टवका आहे! सासूबाई नेहमी सांगायच्या. तुम्ही सात वर्षांचे होतात, वन्संच्या गौरीहराच्या वेळी हट्ट करून अडकित्ता घेतलात आणि पाटावर टाकलात. तिथला रंग उडाला.”

सभोवार जो हशा पिकला तो ओसरण्यास बराच वेळ लागला, आणि चंद्रवंशाचे व्याही त्यात सर्वांत मागाहून सामील झाले. साठ वर्षांमागचा माझा अपराध मी माझ्याच हाताने, तपशीलवार, सोन्याच्या रंगात, सत्यप्रत करून सर्व आप्तांसमोर मांडला होता. सौभाग्यवती मात्र हसली नाही. ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, ज्या नजरेने तिने बहुधा आमच्या लग्नात पाहिले असेल, आणि नंतर फारसे पाहिले नसेल.

मांडव परतल्यावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तो टोचलेला कागद ठेवलाय ना? चार दिवस द्या मला. आमच्या पाटावरचा टवका तसा सोनेरी भरून घ्यावा म्हणते. तुमच्या पाटाशेजारी आमचा ओकाबोका दिसतो.”

मी म्हणालो, अभिलेखातील कागद हवा असल्यास नियमाप्रमाणे अर्ज करावा लागेल. तो त्यांनी तेथल्या तेथे उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून दिला.